धक्क्याखालचे छोटे मासे : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

समुद्रातल्या धक्क्याच्या खांबांभोवती राहणारे लहान जातींचे मासे गळाने पकडायचे, जिवंतपणी त्यांचे छायाचित्र घ्यायचे, ओळख पक्की करायची आणि त्यांना त्यांच्याच जागी परत सोडायचे, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. प्रत्येक माशासोबत तो खांबाच्या कोणत्या उंचीवर, प्रवाहाच्या कोणत्या बाजूला आणि भरती-ओहोटीच्या कोणत्या टप्प्यावर सापडला याची नोंद राहील. लहान जाती म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावरही साधारण १५ सेंटिमीटरच्या पुढे न जाणाऱ्या जाती. मोठ्या जातींची पिल्लेही गळाला लागणारच. त्यांची नोंद वेगळ्या पानावर होईल, कारण धक्क्याचा आसरा ती काही काळापुरता घेतात, तर गोबी आणि ब्लेनीसारखे मासे आपले बहुतेक आयुष्य तिथेच काढतात.

धक्क्यावर गरवणाऱ्यांची नजर सहसा दूरच्या खोल पाण्याकडे असते आणि पायाखालच्या दोन-चार मीटर पाण्याकडे कोणी फारसे पाहत नाही. गरवण्याच्या विक्रमांची पद्धतही याला कारण आहे. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या सर्वसाधारण विक्रमासाठी मासा किमान १ पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम वजनाचा असावा लागतो. काही ग्रॅम वजनाच्या ब्लेनीला तिथे जागा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणूनच या माशांसाठी वजनाऐवजी जागा हे मोजमाप धरले आहे. लहान मासा आधी त्याच्या जागेवरून ओळखावा आणि मग आमिषाचा विचार करावा, अशी माझी ठाम धारणा आहे आणि पुढची सगळी आखणी तिच्यावरच उभी आहे.

५ नोव्हेंबर

साहित्य तयार केले. गळांचे क्रमांक उलटे चालतात, म्हणजे १० क्रमांकापेक्षा २० क्रमांकाचा गळ लहान असतो. या कामासाठी १८ ते २२ क्रमांकांचे गळ निवडले असून त्याहून लहान तोंडांसाठी तानागो गळ ठेवले आहेत, जे जपानमध्ये त्याच नावाच्या गोड्या पाण्यातल्या इवल्या माशासाठी बनवले जातात. सर्व गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट केले. तीन-चार सेंटिमीटरच्या माशाच्या जबड्यातून काटेरी गळ काढताना जबडाच फाटू शकतो, आणि मासा जिवंत परत सोडायचा असेल तर तशा गळाला या कामात स्थान नाही.

गळाजवळची तंगूस ०.१२ मिलिमीटर जाडीची आहे. बारीक तंगूस माशाला दिसत नाही असे सांगितले जाते, पण माझ्या मते तिचा खरा फायदा वेगळा आहे : तिच्यावर प्रवाहाचा ओढा कमी बसतो, त्यामुळे थोड्या शिशात आमिष सरळ खाली जाते आणि खांबाला लागून उभे राहते. शिसे तळाशी आणि गळ त्याच्या पाच ते दहा सेंटिमीटर वर, अशी मुख्य बांधणी केली आहे. वाळूवरच्या गोबींसाठी गळ शिशाला अगदी लागून बांधला, कारण तळाला पोट टेकून बसणारा मासा वर तरंगणाऱ्या आमिषासाठी सहसा उठत नाही.

एका दोरीला पाच-सहा गळ असलेली साबिकी पद्धतीची बांधणी मी मुद्दाम वगळली. तिला एका वेळी अनेक मासे लागतात आणि पहिल्याला सोडवेपर्यंत बाकीचे हवेत लटकत राहतात. शिवाय कोणता मासा नेमक्या कोणत्या उंचीवर लागला, हेही तिच्यातून कळत नाही.

आमिष म्हणून सोललेली कोळंबी मीठ लावून ठेवली आहे. मिठामुळे तिच्यातले पाणी सुटते, मांस घट्ट होते आणि दोन-तीन मिलिमीटरचा तुकडाही गळावर टिकतो. तुकडा याहून मोठा असला की मासा त्याची कडा धरून ओढत राहतो आणि गळ तोंडात जातच नाही. काठीच्या शेंड्याला हिसके बसतात, पण वर काहीच येत नाही.

छायाचित्रासाठी पारदर्शक ॲक्रिलिकची अरुंद पेटी बनवली. तिच्या दोन भिंतींमध्ये तीन सेंटिमीटर अंतर असून मागच्या भिंतीवर मोजपट्टी आणि करडा कागद चिकटवला आहे. मासा पाण्यातच राहतो, आडवा वळू शकत नाही आणि काही क्षणांत पंख पसरतो. ओळखीसाठी तेच हवे असते.

७ नोव्हेंबर

पौर्णिमा परवा झाली. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो, म्हणून आज पाणी सर्वांत खाली गेले असताना खांबांची पाहणी केली. आज काठी सोबत नेली नव्हती.

खांब वरून खाली चार पट्ट्यांत विभागला. सर्वांत वर बार्नॅकलचा, म्हणजे खांबाला कायमचे चिकटून राहणाऱ्या लहान कवचधारी प्राण्यांचा, पट्टा आहे, ज्याला रोज अनेक तास हवा आणि ऊन सोसावे लागते. त्याखाली कालवे (शिंपल्यांतले प्राणी) आणि त्यांच्या फटींतले शेवाळ आहे. ओहोटीच्या पातळीखाली, जिथे पाणी क्वचितच हटते, तिथे स्पंज, हायड्रॉइड आणि ॲसिडियन या एका जागी चिकटून राहणाऱ्या प्राण्यांचा मऊ थर सुरू होतो. चौथा पट्टा म्हणजे खांबाचे बूड : प्रवाहाने कोरलेला वाळूचा खळगा आणि वरून गळून पडलेल्या शिंपल्यांचा खच. मेलेल्या बार्नॅकलची रिकामी कवचे पहिल्या पट्ट्याच्या खालच्या कडेला सर्वांत दाट आहेत. ब्लेनींना लपायला नेमकी अशीच बिळे लागतात, म्हणून ती कडा खडूने खुणावून ठेवली.

काम मुख्यतः कडेच्या खांबांवर करायचे ठरवले आहे. न्यूयॉर्कला हडसन नदीच्या खालच्या भागातील मोठ्या धक्क्यांवर झालेल्या अभ्यासांत रुंद धक्क्याच्या आतल्या काळोखात माशांची पिल्ले कमी आढळली होती, तर कडेला आणि वर छत नसलेल्या खांबांपाशी ती जास्त होती. नजरेने शिकार शोधणाऱ्या माशाला थोडा तरी उजेड लागतो. मात्र उजेडाच्या सीमेवरची सावली त्याच्या फायद्याची असते : सावलीतल्या माशाला उजेडातले स्पष्ट दिसते, पण उजेडातल्याला सावलीतला मासा सहज दिसत नाही.

गरवण्यासाठी १३ तारीख निश्चित केली. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाण्याची चढ-उतार कमी राहते आणि प्रवाह मंदावतो. एक ग्रॅमहूनही हलके शिसे खांबाशी उभे धरायचे असेल तर हेच दिवस योग्य आहेत.

१३ नोव्हेंबर

ओहोटीचा तळ सकाळी ६:४० ला, भरतीचा माथा दुपारी १२:५० च्या आसपास. आकाश निरभ्र, वारा जमिनीकडून आणि हलका.

पहाटे ५:५०. झुंजुमुंजू होण्यापूर्वी पहिला गळ तिसऱ्या पट्ट्याशी, आडव्या तुळईच्या खाली सोडला. या वेळी कार्डिनल मासे मिळण्याची अपेक्षा होती आणि ते लगेच मिळाले. डोळे मोठे, पाठीवर दोन स्वतंत्र पंख आणि गुदपंखात फक्त दोन काटे, ही त्यांच्या कुळाची खूण पेटीत स्वच्छ दिसली. हे मासे दिवसभर कपारींत राहतात आणि रात्री खाण्यासाठी बाहेर पडतात. त्यांच्यात नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि त्या काळात तो खात नाही, त्यामुळे अंडी सांभाळणारा नर गळाला लागण्याची शक्यता कमी असते. तरीही प्रत्येकाचा गळा फुगलेला आहे का, हे पाहूनच पुढचे काम केले. सूर्य वर येताच त्याच तुळईखाली आमिषाला कोणी तोंड लावेनासे झाले. रात्रीचे मासे आत गेलेले आणि दिवसाचे अजून बाहेर न आलेले, असा तो मधला वेळ होता आणि तो चांगलाच लांबला.

७:१५. पाणी खाली, जवळजवळ स्थिर. खडूने खुणावलेली कडा आता पाण्याखाली जेमतेम हातभर होती. ध्रुवीकरणाचा चष्मा लावून सरळ खाली पाहण्यात अर्थ नसतो. पाण्यावरून परतणारा प्रकाश उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांवर जवळजवळ पूर्णपणे ध्रुवीभूत होतो आणि तेवढ्या तिरकस नजरेनेच पृष्ठभागावरची चमक नाहीशी होते. त्या कोनातून पलीकडच्या खांबावरच्या एका रिकाम्या कवचात ब्लेनीचे डोके दिसले.

ते डोके कवचाच्या तोंडात इतके नेमके बसले होते की, डोळ्यांवरचे केसाळ तुरे हलले नसते तर ते बार्नॅकलचाच भाग वाटले असते. आमिष खांबाला घासत खाली सोडून एक वीत अंतरावर थांबवले. आधी एक डोळा आमिषाकडे वळला, दुसरा मात्र वरच राहिला, कारण या माशाचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. आमिष आणखी जवळ आणल्यावर पुढचे अर्धे शरीर बाहेर आले, पुन्हा आत गेले, आणि मग मासा पूर्ण बाहेर झेपावून तुकडा घेऊन शेपटीकडून कवचात परतला. या क्षणी काठी उचलणे व्यर्थ असते. आत शिरलेली ब्लेनी शरीर ताणून कवचात घट्ट बसते आणि बार्नॅकलच्या धारेवर तंगूस कापली जाते. तंगूस सैल सोडून पुढच्या झेपेची वाट पाहायची आणि मासा पूर्ण बाहेर असतानाच काठी फक्त मनगटाने वर घ्यायची, ही पद्धत लागू पडली.

पेटीत हा मासा विलक्षण सुंदर दिसतो. अंगावर खवले नाहीत. पाठीवरचा एकच लांब पंख मध्ये किंचित खोलगट आहे. पोटाकडचे पंख छातीच्या पंखांच्याही पुढे असून दोन बारीक बोटांसारखे आहेत आणि त्यांवर टेकून तो डोके उचलून बसतो.

दुसऱ्या पट्ट्यातल्या शेवाळावर चरणाऱ्या दुसऱ्या एका ब्लेनीने कोळंबीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ओठांच्या सतत खरवडणाऱ्या हालचालीवरून ती कंगव्यासारखे बारीक दात असलेल्या गटातली असावी. त्या गटाचा आहार मुख्यतः शेवाळ आणि त्यात अडकलेला गाळ असतो. शेवाळाचा धागा गळाला गुंडाळून दिला, तेव्हा तिने दोनदा टोच मारली, पण गळ तोंडात घेतला नाही. तिची नोंद ‘फक्त पाहिले’ या रकान्यात केली.

१०:१०. भरतीचा वेग वाढला. पाणी चढण्याच्या सहा तासांत पहिल्या तासाला एक बारांश, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन आणि एक, या ढोबळ नियमानुसार सर्वाधिक ओढ याच वेळी असते. बिळांतले मासे आत बसले आणि सार्जंट या पट्टेदार माशांचा थवा खांबांच्या प्रवाहाकडच्या तोंडाशी जमला. प्रवाहात वाहत येणारे प्लवक त्यांना तिथे तोंडाशीच मिळते. शिसे न लावता नुसते आमिष प्रवाहासोबत सोडल्यावर त्यांनी ते लगेच टिपले.

एका खांबावर, तिसऱ्या पट्ट्याच्या वरच्या कडेला, तळहाताएवढा जांभळट डाग होता आणि त्याच्यासमोर निळसर छटा चढलेला एक सार्जंट मासा एकटाच घुटमळत होता. तो अंड्यांचा थर होता आणि मासा राखणारा नर. विणीच्या काळात नराच्या अंगावर अशी निळी झाक येते. तो अंड्यांवर पंखाने पाणी वारतो, जवळ आलेल्या प्रत्येकावर धावून जातो आणि आमिषावरही धावून जातो, म्हणून त्याला पकडणे अतिशय सोपे असते. पण त्याला वर घेतले की तेवढ्या वेळात आजूबाजूचे रास (wrasse) कुळातले आणि इतर मासे अंड्यांवर तुटून पडतात. त्या खांबावर गळ टाकायचा नाही, असे तिथेच ठरवले आणि खांबाच्या क्रमांकापुढे तशी खूण केली. नोंद वाढवण्यासाठी एका माशाची सगळी अंडी गमावणे या प्रकल्पात बसत नाही.

१२:४०. पाणी थांबत आले तेव्हा चौथ्या पट्ट्याकडे वळलो, कारण तळापर्यंत आमिष सरळ नेण्याची संधी पाणी थांबलेल्या या थोड्या वेळातच मिळते. शिंपल्यांच्या खचावरून शिसे इंचाइंचाने ओढत नेले. हलके टकटक बसले आणि गोबी आल्या. गोबीची ओळख पोटाखाली आहे : पोटाकडचे दोन्ही पंख (श्रोणिपंख) जोडून झालेली वाटी, जिने तो मासा खांबाला किंवा खडकाला चिकटून राहतो. पेटीच्या समोरच्या भिंतीला एक गोबी त्या वाटीने चिकटली आणि हवे ते छायाचित्र आपोआप मिळाले.

खचापलीकडच्या मोकळ्या वाळूत एका बिळाच्या तोंडाशी गोबी बसलेली होती आणि तिच्यामागून पिस्तुल कोळंबी वाळू ढकलत ये-जा करत होती. या जोडीत बीळ कोळंबी खोदते आणि पहारा गोबी देते. कोळंबीची दृष्टी अधू असल्याने बाहेर असताना ती आपली मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते आणि गोबीने शेपटी झटकली की दोघेही आत जातात. तिथे आमिष नेले नाही. वर उचललेला पहारेकरी नेमक्या त्याच बिळापाशी परत सोडण्याचे साधन आज जवळ नव्हते.

१५:३०. ओहोटी लागली, ऊन तिरपे झाले आणि धक्क्याची सावली पूर्वेला सरकली. सावलीच्या कडेवर एक लहान केंड लागला. त्याला पाण्याबाहेर न काढता बादलीतच सोडवले, कारण हा मासा हवेत फुगला तर पोटातली हवा बाहेर टाकणे त्याला कठीण जाते. त्यानंतर तळावरून विंचूमाशाच्या कुळातला एक मासा आला. त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असते, म्हणून त्याला हात न लावता लांब चिमट्याने गळ काढला. असा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, मात्र ४५ अंशांच्या वर न जाता, ३० ते ९० मिनिटे ठेवतात आणि वैद्यकीय मदत घेतात, कारण या विषातील प्रथिने उष्णतेने निकामी होतात. गरम पाण्याचा थर्मास सोबत असल्याशिवाय या पट्ट्यात गरवू नये.

१८:००. दिवे लागताच कार्डिनल मासे त्याच तुळईखाली पुन्हा दिसू लागले. काम थांबवले.

१४ नोव्हेंबर

दिवसभर छायाचित्रांवरून ओळख पटवली. पंखांतले कठीण काटे रोमन आकड्यांत आणि मऊ किरणे साध्या आकड्यांत लिहिण्याची पद्धत ठेवली. लांबी मोजताना थूथनापासून शेपटीच्या पंखाच्या मुळापर्यंतचे अंतर घेतले, कारण शेपटीचे टोक अनेकदा झिजलेले असते.

सार्जंट माशांत दोन जाती निघाल्या. ज्यांच्या अंगावर पाच गडद पट्टे आणि शेपटी साधी, ते अब्युडेफडफ वायगिएन्सिस. ज्यांच्या शेपटीच्या दोन्ही पात्यांवर कात्रीसारख्या काळ्या रेघा, ते अब्युडेफडफ सेक्सफॅसिएटस. पाण्यात दोन्ही एकाच थव्यात होते आणि वरून पाहताना फरक कळत नव्हता.

गोबींच्या बाबतीत इतके सोपे नाही. या कुळात सुमारे २,००० जाती आहेत आणि त्यांपैकी अनेक जाती डोक्यावरच्या सूक्ष्म संवेदी ठिपक्यांच्या रांगांवरूनच वेगळ्या करता येतात, जे जिवंत माशाच्या छायाचित्रात दिसत नाहीत. खचावरच्या एका गोबीचा वंश बॅथिगोबियस आहे, एवढे छातीच्या पंखाच्या वरच्या सुट्या, रेशमी किरणांवरून म्हणता येते. जातीचा रकाना रिकामा ठेवला. एका दिवसात जास्तीत जास्त जाती मोजण्याची चढाओढ मला याच कारणासाठी पटत नाही. तिच्यात रिकामा रकाना कमीपणाचा ठरतो आणि मग तो अंदाजाने भरला जातो. ठाम माहीत असलेला वंश हा अंदाजाने लिहिलेल्या जातीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

पट्ट्यांप्रमाणे नोंदी मांडल्यावर दिवसाचे चित्र स्पष्ट झाले. आमिष जवळजवळ सगळीकडे तेच होते. कोणता मासा मिळणार हे उंची, प्रवाहाची बाजू आणि वेळ या तिघांनी ठरवले. ब्लेनी पहिल्या दोन पट्ट्यांबाहेर एकदाही लागली नाही. सार्जंट प्रवाह असेपर्यंतच समोरच्या बाजूला राहिले आणि पाणी थांबल्यावर खांबाभोवती विखुरले.

१६ नोव्हेंबर

मासे परत सोडण्याच्या व्यवस्थेत बदल केला. धक्क्यावरून तीन-चार मीटर खाली टाकलेला लहान मासा पाण्यावर आपटतो आणि प्रवाहाने दुसऱ्याच खांबाकडे जातो. १३ तारखेला सर्व मासे दोरीच्या बादलीतून पृष्ठभागावर सोडले होते, पण खालच्या पट्ट्यांतल्या माशांना तेवढे पुरेसे नाही, कारण पृष्ठभागापासून आपल्या बिळापर्यंत जाताना त्यांना मोठ्या माशांच्या समोरून जावे लागते.

जागेची किंमत या माशांना किती असते, हे लेस्टर अॅरनसन यांच्या १९५१ च्या कामातून कळते. त्यांनी बॅथिगोबियस सोपोरेटर या गोबीचा अभ्यास केला होता. ओहोटीत एका डबक्यातून दिसतही नसलेल्या शेजारच्या डबक्यात ही गोबी अचूक उडी मारते, कारण भरतीच्या वेळी त्या परिसरावरून पोहताना तिने तो लक्षात ठेवलेला असतो, आणि ही आठवण सुमारे ४० दिवसांनंतरही टिकलेली आढळली. आपल्या भोवतालचा असा पक्का ठाव असलेल्या माशाला अनोळखी खांबाशी सोडणे म्हणजे त्याची ती सगळी ओळख काढून घेणे.

यासाठी झाकण असलेला एक जाळीदार नळा बनवला. तो वजन बांधून खांबाच्या कडेने हव्या त्या पट्ट्यापर्यंत उतरतो आणि दुसरी दोरी ओढली की तळाचे दार उघडते. दोरीवर दर अर्ध्या मीटरला रंगीत खुणा केल्या असून मासा मिळाला ती खोली वहीत लिहितानाच नळ्याच्या दोरीवरची खूणही लिहायची आहे. रिकाम्या नळ्याची चाचणी मंद प्रवाहात व्यवस्थित झाली. मधल्या भरतीच्या ओढीत तो खांबापासून दूर जातो, त्यासाठी वजन वाढवावे लागेल.

२१ नोव्हेंबर

अमावास्या काल झाली आणि पुन्हा उधाण आहे. प्रवाह जोराचा असल्याने हलके शिसे टिकणार नाही, म्हणून आज फक्त पाहणी केली. जांभळट डाग असलेल्या खांबावर आता अंडी नाहीत. तिथे स्वच्छ केलेला गोल भाग दिसतो आणि नर जवळपास नाही. सार्जंट माशांची अंडी उबायला आठवड्याच्या आसपासचा काळ लागतो, त्यामुळे पिल्ले बाहेर पडून प्रवाहासोबत गेली असण्याचा संभव आहे. खांबावरची बंदी उठवली.

पुढचे गरवणे २९ तारखेला, शुक्ल अष्टमीनंतरच्या भांगात. त्या वेळी चरणाऱ्या ब्लेनीसाठी तानागो गळ आणि शेवाळाचा बारीक गोळा वापरायचा आहे आणि नळ्याला शंभर ग्रॅम वजन जादा बांधायचे आहे.